बीजिंग पहिल्यांदा बघताय? आधी एक तिकीट, मग बाकी सगळं

बीजिंगला चार-पाच दिवस जायचं ठरलं की आपण विमानाचं तिकीट काढतो, हॉटेल बघतो आणि काय काय बघायचं ते तिकडे गेल्यावर ठरवू म्हणतो. बँकॉकला, सिंगापूरला हे चालून जातं. बीजिंगला चालत नाही. तिथल्या मोठ्या ठिकाणांची तिकिटं पासपोर्टच्या नंबरावर आणि ठरावीक तारखेची निघतात. आयत्या वेळी दारावर मिळतील या भरवशावर राहता येत नाही. फॉरबिडन सिटीच्या, म्हणजे सम्राटांच्या जुन्या राजवाड्याच्या, बाहेर मी एक कुटुंब पाहिलं होतं. आजी खंदकाच्या कठड्याला टेकून उभ्या होत्या आणि मुलगा फोनवर तिकीट शोधत होता. त्या दिवसाचं, दुसऱ्या दिवसाचं, तिसऱ्या दिवसाचं, सगळं संपलेलं. भिंतीवरून दिसणारी पिवळी कौलं बघून ते लोक परत फिरले. इतक्या लांब येऊन असं होऊ नये, म्हणून हा लेख.

माझं सांगणं एवढंच, की आखणी उलटी करा. फॉरबिडन सिटीचा दिवस आधी पक्का करा आणि बाकीचे दिवस त्याच्या आजूबाजूला बसवा. दिवसाला एकच मोठं ठिकाण ठेवा. नकाशावर दोन ठिकाणं बोटभर अंतरावर दिसतात, प्रत्यक्षात मधे तासभर मेट्रो आणि दोन किलोमीटर चालणं असतं.

पहिली पायरी: महिना आणि वार

एप्रिल-मे आणि सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले. आपली दिवाळीची सुट्टी इथे छान जुळते. त्या सुमारास हवा कोरडी आणि थंड असते, आणि गिंकोची झाडं पिवळीधमक झालेली असतात. जून ते ऑगस्ट कडक उन्हाळा, त्यातच पाऊस. जानेवारीत पारा शून्याच्या बऱ्याच खाली जातो, तळी गोठतात. थंडी सोसणाऱ्याला तेव्हा गर्दी कमी मिळते, पण लहान मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर मी तो महिना सुचवणार नाही.

काही तारखा मात्र कटाक्षाने टाळा. १ ते ७ ऑक्टोबर ही राष्ट्रीय दिनाची सुट्टी असते, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कामगार दिनाची, आणि जानेवारी-फेब्रुवारीत चिनी नववर्षाची. त्या दिवसांत अख्खा देश प्रवासाला निघालेला असतो.

आता वार. फॉरबिडन सिटी सोमवारी बंद असते (मोठ्या सुट्टीचा अपवाद सोडून). राष्ट्रीय संग्रहालयही सोमवारी बंद, आणि काही बागांमधल्या मुख्य वास्तूंची दारंही त्या दिवशी लागलेली असतात. म्हणून सोमवार चीनच्या भिंतीसाठी राखून ठेवा. शक्य असेल तर सहल शनिवार-रविवारला धरून आखू नका. रविवारी पोहोचून गुरुवारी किंवा शुक्रवारी निघालात तर उत्तम.

दुसरी पायरी: व्हिसा आणि विमान

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतोच. तिसऱ्या देशाला पुढे जाणाऱ्यांसाठी चीनने २४० तासांची बिनव्हिसा सवलत ठेवली आहे, पण ज्या ५५ देशांच्या नागरिकांना ती मिळते त्यांच्यात भारत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे अनेक कुटुंबांत मुलगा-सून अमेरिकी पासपोर्टवर आणि आई-वडील भारतीय पासपोर्टवर असतात. मुलाला सवलत मिळते म्हणून आईलाही मिळेल असं धरून चालू नका. शिवाय ती सवलत घेताना पुढच्या, म्हणजे तिसऱ्या देशाचं पक्कं तिकीट लागतं. मुंबईहून जाऊन मुंबईलाच परतलं तर ती लागू होत नाही.

पर्यटक व्हिसासाठी पासपोर्टची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक हवी, कोरी पानं हवीत, आणि जाण्या-येण्याचं व राहण्याचं आरक्षण दाखवावं लागतं. म्हणून रद्द करता येईल असंच हॉटेल आधी धरा. महाराष्ट्रातल्या लोकांचे अर्ज मुंबईतून होतात. निघण्याच्या दोन महिने आधी कामाला लागलात तर धावपळ होत नाही.

भारत आणि चीन यांच्यातली थेट विमानं २०२० पासून बंद होती, ती ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता-ग्वांगझौ मार्गाने पुन्हा सुरू झाली. मुंबईहून हाँगकाँग, सिंगापूर किंवा बँकॉकमार्गे जाणं हाही सोयीचा रस्ता आहे. ग्वांगझौला उतरून पुढे देशांतर्गत विमानाने बीजिंगला जाणार असाल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. २८ जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत ३सी हे चिनी प्रमाणचिन्ह नसलेली पॉवर बँक नेता येत नाही. आपल्याकडे विकत घेतलेल्या बहुतेक पॉवर बँकांवर ते चिन्ह नसतं आणि सुरक्षा तपासणीत ती काढून घेतात. फोनशिवाय तिथे पान हलत नाही, त्यामुळे ऐन प्रवासात हा फटका चांगलाच जाणवतो. एक तर चिन्ह बघून घ्या, नाहीतर तिथे पोहोचल्यावर नवी घ्या.

तिसरी पायरी: फोन आणि पैसे

नवख्या माणसाची सगळ्यात जास्त अडचण इथे होते, म्हणून हे शांतपणे वाचा.

गूगल, गूगल मॅप्स, व्हॉट्सॲप, यूट्यूब, इन्स्टाग्राम हे सगळं चीनमधल्या इंटरनेटवर बंद आहे. हॉटेलच्या वायफायवरही बंद. पण तुमच्या भारतीय सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू असेल तर डेटा आपल्याकडच्या कंपनीच्या जाळ्यातून येतो, आणि व्हॉट्सॲप चालतं. परदेशी प्रवासासाठीचं ई-सिमही त्याच कारणाने चालतं. त्यामुळे चार दिवसांच्या सहलीला स्थानिक सिमच्या मागे लागू नका, रोमिंग पॅक घ्या. हॉटेलात पोहोचलात की वायफाय बंद करून मोबाइल डेटावर घरी मेसेज करा. वायफायवर मेसेज जात नाही म्हणून घाबरलेली माणसं मी पाहिली आहेत.

नकाशासाठी आयफोनवाल्यांना ॲपल मॅप्स चांगला चालतो. अँड्रॉइडवाल्यांनी अमॅप हे चिनी नकाशाचं ॲप इंग्रजीत करून घ्यावं. भाषांतराच्या ॲपमध्ये चिनी भाषा आधीच उतरवून ठेवा, म्हणजे नेट नसतानाही कॅमेरा धरून पाटी वाचता येते. आणि हॉटेलचं नाव-पत्ता चिनी लिपीत फोनमध्ये फोटो करून ठेवा. टॅक्सीवाल्याला रोमन अक्षरांतला पत्ता बहुधा वाचता येत नाही.

पैशांचं असं आहे. आपल्याकडे भाजीवालीच्या गाडीवर जसा क्यूआर असतो तसाच तिथेही सगळीकडे आहे, पण त्यावर आपलं यूपीआय चालत नाही. तिथे दोन ॲप चालतात, अलिपे आणि वीचॅट. वीचॅटवर भारतात जून २०२० पासून बंदी आहे, त्यामुळे आपली भिस्त अलिपेवर. २०२३ पासून त्यात परदेशी व्हिसा आणि मास्टरकार्ड जोडता येतं. २०० युआनपर्यंतच्या खरेदीवर वेगळं शुल्क पडत नाही, त्याहून मोठ्या खरेदीवर ३ टक्के लागतं. म्हणून मोठं बिल शक्य असेल तिथे थेट कार्डाने द्या.

त्याआधी इथे घरी बसून करायचं एक काम आहे. भारतीय बँकांची कार्डं मुळात परदेशी व्यवहारांसाठी बंद ठेवलेली असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ती सुरू करा, मर्यादा वाढवा. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं जोडा. ओटीपी भारतीय नंबरावर येतो, म्हणजे ते सिम फोनमध्ये चालू हवं. हे सगळं पुण्या-मुंबईत असताना पाच मिनिटांचं काम आहे. बीजिंगच्या विमानतळावर रात्री अकरा वाजता तेच काम डोंगराएवढं होतं.

रोख रक्कमही जवळ ठेवा. एक युआन म्हणजे साधारण १२-१३ रुपये. माणशी हजारभर युआन, त्यातही १०, २० आणि ५० च्या नोटा जास्त. रोख नाकारायची नाही असा तिथला नियम आहे, पण सुटे पैसे मात्र दुकानदाराकडे नसतात. बोलताना लोक युआन म्हणत नाहीत, 'क्वाई' म्हणतात. 'शि क्वाई' ऐकलं की दहा युआन समजा.

चौथी पायरी: राहायचं कुठे

बीजिंग गोल रस्त्यांनी वेढलेलं आहे: दुसरा रिंग रोड, तिसरा, चौथा, असं बाहेर बाहेर. जुन्या शहराची तटबंदी जिथे होती तिथे आता दुसरा रिंग रोड आणि मेट्रोची दोन नंबरची वर्तुळाकार लाइन आहे. त्या लाइनवरच्या बऱ्याच स्टेशनांच्या नावांत शेवटी 'मेन' येतं: दोंगझ्मेन, फूचंगमेन, श्वानवूमेन. मेन म्हणजे दरवाजा. तट गेला, वेशींची नावं राहिली. तुमचं हॉटेल या वर्तुळाच्या आत, दोंगचंग भागात, मेट्रो स्टेशनपासून पाच-सात मिनिटांवर असेल तर रोजचा तासभर वाचतो. पाच नंबरच्या लाइनवरची दोंगस किंवा योंगहगोंग ही स्टेशनं मला सगळ्यात सोयीची वाटली. स्वस्त मिळतंय म्हणून पाचव्या रिंग रोडच्या बाहेर जाऊ नका.

परदेशी पाहुण्याची पोलिसांकडे नोंद २४ तासांच्या आत व्हावी लागते. हॉटेल ती स्वतःच करतं, तुम्ही पासपोर्ट द्यायचा एवढंच. अगदी लहान लॉजना ही पद्धत माहीत नसते, म्हणून पैसे भरण्याआधी परदेशी पासपोर्ट घेता का, एवढं विचारून घ्या.

विमानतळ दोन आहेत. कॅपिटल विमानतळावरून एक्स्प्रेस मेट्रो २५ युआनमध्ये दोंगझ्मेनला सोडते. दक्षिणेचा दाशिंग विमानतळ २०१९ मध्ये सुरू झाला, तिथून छाओछ्याओपर्यंत एक्स्प्रेस आहे. साध्या मेट्रोचं भाडं ३ युआनपासून सुरू होतं आणि अंतराप्रमाणे वाढतं. प्रत्येक स्टेशनात शिरताना बॅग एक्स-रे यंत्रातून जाते, दर वेळी. त्यासाठी पाच मिनिटं धरूनच घराबाहेर पडा, आणि पाण्याच्या बाटलीतला घोट प्यायला सांगितला तर निमूट प्या.

पाचवी पायरी: ते एक तिकीट

फॉरबिडन सिटीचं तिकीट भेटीच्या सात दिवस आधी, बीजिंगच्या वेळेने रात्री ८ वाजता खुलं होतं. चीन आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाच. मंगळवारी आत जायचं असेल तर आधीच्या मंगळवारी साडेपाचला फोन हातात घेऊन बसा. हंगामात ही तिकिटं फार लवकर संपतात. एप्रिल ते ऑक्टोबर ६० युआन, नोव्हेंबर ते मार्च ४०. सकाळची किंवा दुपारची वेळ निवडावी लागते, सकाळची घ्या. स्वतःहून जमत नसेल तर ट्रिप डॉट कॉमसारख्या प्रवासी ॲपवरून किंवा हॉटेलकडून थोडे जास्त पैसे देऊन काढून घ्या. त्या जास्तीच्या पैशांची अजिबात हळहळ करू नका. प्रत्येकाचं नाव आणि पासपोर्ट नंबर अक्षर न् अक्षर तपासा, कारण आत जाताना पासपोर्ट हेच तिकीट असतं. हॉटेलच्या तिजोरीत पासपोर्ट ठेवून बाहेर पडायची सवय इथे विसरा.

तिआनमेन चौकात जायला पैसे पडत नाहीत, पण त्याचीही आधी नोंद करावी लागते आणि तपासणीची रांग मोठी असते. ती नोंद मिळाली नाही तर जीव थोडा करून घेऊ नका. पूर्वेच्या दोंगह्वामेन बाजूने खंदकाच्या कडेकडेने चालत फॉरबिडन सिटीच्या दक्षिण दरवाजाशी, वूमेनशी, येता येतं. तो रस्ता शांत आहे. पाण्यात कोपऱ्यावरच्या बुरुजाचं प्रतिबिंब पडतं, ते बघायला थांबाच.

दिवस कसे घालवायचे

पहिला दिवस उतरल्यानंतरचा. त्या दिवशी काहीही मोठं ठेवू नका. संध्याकाळी शिचाहाईच्या तळ्यांभोवती आणि ड्रम टॉवरच्या मागच्या हुतोंगांमध्ये फिरा. हुतोंग म्हणजे जुन्या बीजिंगच्या अरुंद गल्ल्या. दोन्ही बाजूंना राखाडी विटांच्या भिंती आणि त्यांच्या आड चौक असलेली बैठी घरं. चौसोपी वाड्यात वाढलेल्या माणसाला ती रचना चटकन ओळखू येते: मधे अंगण, चारही बाजूंना खोल्या, दारातून सरळ आत दिसू नये म्हणून आडोशाची भिंत. दुकानांनी भरलेली नानलुओगूश्यांग गल्ली एकदा बघून सोडून द्या, आणि तिच्यातून दोन्हीकडे फुटणाऱ्या गल्ल्यांत शिरा. तिथे कपडे वाळत असतात, म्हातारे पत्ते कुटत असतात.

दुसरा दिवस भिंतीचा. मी भिंतीचा मुत्यान्यू हा भाग सुचवते. शहरापासून सुमारे ७० किलोमीटर, दीड ते दोन तास. थेट जाणारी पर्यटक बस आधी आरक्षित करा, किंवा चौघे असाल तर अलिपेतल्या 'दीदी' या टॅक्सी सेवेवरून किंवा हॉटेलमार्फत दिवसभराची गाडी ठरवा. दोंगझ्मेनच्या बस तळाजवळ 'भिंतीची बस आज बंद आहे, माझ्या गाडीतून चला' म्हणणारे भेटतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. बादालिंगची भिंत रेल्वेने गाठायला जास्त सोपी आहे, छिंगह स्टेशनातून जलद गाडी अर्ध्या तासाच्या आत पोहोचवते, पण गर्दीही तिथेच सगळ्यात जास्त. वयस्कर माणसांबरोबर गाडीचा प्रवास नको असेल तरच बादालिंग घ्या.

मुत्यान्यूला वर जायला दोन वाटा आहेत. केबल कार १४ नंबरच्या बुरुजाशी सोडते, खुर्चीचा पाळणा ६ नंबरच्या बुरुजाशी. मुलं असतील तर पाळण्याने वर जा, कारण तिथूनच खाली येताना घसरगाडी मिळते. गुडघे दुखत असतील तर केबल कार. १४ पासून २० पर्यंत चालत गेलात तर शेवटचा चढ भलताच उभा आहे. पायऱ्या एकसारख्या नाहीत, एक वीतभर तर पुढची गुडघ्याएवढी. सह्याद्रीतले गड चढणाऱ्याला तो चढ सोपा जाईल, पण इथे एक वेगळी गंमत बघायला मिळते. आपले किल्ले डोंगराचा माथा धरून बसतात. ही भिंत डोंगराचा कणाच धरून चालत राहते, एका शिखरावरून उतरून पुढच्यावर चढते, नजर पोहोचेल तिथवर. सकाळी नऊच्या आत पोहोचा. वर खायला फार काही मिळत नाही, ठेपले किंवा दशम्या बरोबर असू द्या.

तिसरा दिवस फॉरबिडन सिटीचा. १४०६ ते १४२० या काळात बांधलेला हा राजवाडा मिंग आणि छिंग घराण्यांच्या २४ सम्राटांचं घर होता, आणि १९२५ पासून संग्रहालय आहे. ७२ हेक्टरांचा पसारा. इथे एकच चूक सगळे करतात: मधल्या रांगेतून सरळ दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात आणि दोन तासांत बाहेर पडतात. तुम्ही पाच तास ठेवा. पहिल्या मोठ्या चौकात थाईह महालासमोर उभं राहिलात की छपराच्या कोपऱ्यावरच्या मातीच्या छोट्या प्राण्यांची रांग मोजा. जेवढी इमारत मानाची तेवढे प्राणी जास्त, आणि थाईह महालावर दहा आहेत, इतर कुठेही एवढे नाहीत. महालांच्या बाजूला तांब्याचे मोठे हंडे आहेत. लाकडी राजवाड्याला आग लागली तर पाणी हवं म्हणून ते भरून ठेवत, आणि हिवाळ्यात पाणी गोठू नये म्हणून खाली निखारे पेटवत. सोन्याचा मुलामा असलेल्या हंड्यांजवळ जाऊन बघा: त्यावर आडव्या-उभ्या ओरखड्यांचं जाळं आहे. सोनं खरवडून नेल्याच्या त्या खुणा. गर्दी हंड्यासमोर फोटो काढून निघून जाते, ओरखडे कोणी बघत नाही.

बावह महालाच्या मागे पायऱ्यांच्या मधोमध ड्रॅगन कोरलेला एकच अखंड दगड आहे, साडेसोळा मीटर लांब, दोनशे टनांहून जड. हिवाळ्यात रस्त्यावर पाणी ओतून बर्फ केला आणि त्यावरून तो ओढत आणला. त्यानंतर मधली रांग सोडून पूर्वेकडे वळा. १० युआनचं वेगळं तिकीट काढून खजिन्याचं दालन बघा, नऊ ड्रॅगनांची चिनी मातीची भिंत त्याच आवारात आहे. बाहेर पडायचा दरवाजा उत्तरेला, आणि रस्त्याच्या पलीकडे जिंगशान टेकडी. ती खंदक खणताना निघालेल्या मातीची आहे. प्रवेश २ युआन, दहा-पंधरा मिनिटांचा चढ, आणि वरून दिवसभर ज्यातून चाललात ती सगळी पिवळी छपरं पायाशी. ऊन कलतं तेव्हा वर असा. इथून दक्षिणेकडे सरळ बघितलंत तर शहराचा मध्य-अक्ष दिसतो, म्हणजे जुन्या वास्तूंची दक्षिणोत्तर सरळ रेघ, ७.८ किलोमीटरची. युनेस्कोने जुलै २०२४ मध्ये त्याला जागतिक वारसा ठरवलं, आणि तो निर्णय झाला नवी दिल्लीतल्या बैठकीत.

चौथ्या दिवशी लवकर उठून टेम्पल ऑफ हेवनच्या बागेत जा. दालनं आठनंतर उघडतात, बाग मात्र सकाळी सहापासून खुली असते आणि खरी मजा तेव्हाच असते. कोणी ताई-ची करतंय, कोणी पायाने पिसांचं फूल उडवतंय, कोणी गातंय. एक आजोबा हातभर लांब ब्रश पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं लिहीत होते. चौथी ओळ लिहून होईपर्यंत पहिली वाळून गेलेली असायची. ते न थांबता पुढे सरकत होते. प्रार्थनेचं मुख्य गोल दालन ३८ मीटर उंच आहे आणि २८ लाकडी खांबांवर उभं आहे: मधले चार ऋतूंचे, त्याबाहेरचे बारा महिन्यांचे, त्याबाहेरचे दिवसाच्या बारा चिनी प्रहरांचे. वीज पडून ते १८८९ मध्ये जळलं, नंतर पुन्हा तसंच उभारलं. दुपारी योंगहगोंग हे तिबेटी पद्धतीचं बौद्ध मंदिर बघा. दारात उदबत्त्या फुकट देतात, विकत घेऊ नका. शेवटच्या दालनात एकाच चंदनाच्या खोडातून कोरलेली मैत्रेयाची मूर्ती आहे, जमिनीवर १८ मीटर. मान वर करून करून दुखते तरी मन भरत नाही. समर पॅलेस सुंदरच आहे, पण त्याला अर्धा दिवस लागतो. पाचवा दिवस असेल तरच घ्या.

खाणं, खास करून शाकाहाऱ्यांसाठी

शाकाहारी माणूस बीजिंगमध्ये उपाशी राहत नाही, पण सावध राहावं लागतं. 'वो छ सू' म्हणजे मी शाकाहारी आहे. नुसतं एवढं पुरत नाही, कारण भाजीत चरबी, कोंबडीची पावडर किंवा कालवांचा सॉस असतो. 'मांस, मासे, चरबी, कोंबडीची पावडर, कालवांचा सॉस नको' असं चिनीत लिहून फोनमध्ये ठेवा आणि तेच दाखवा. मागवण्यासारखे पदार्थ: दीसानश्येन, म्हणजे बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरची परतलेली, आपल्या जिभेला ही लगेच रुचते. छाओ तूदौस, म्हणजे बटाट्याचा कीस मिरची घालून, कुरकुरीत. अंडं खात असाल तर टोमॅटो-अंडं प्रत्येक खानावळीत मिळतं. मापो टोफू दिसायला शाकाहारी, पण त्यात बहुधा खिमा असतो. सकाळी सोयाबीनचं गरम दूध आणि योउत्याओ, तळलेली लांब कांडी. हुतोंगांतल्या दुकानांत मातीच्या बुटक्या बरणीत, वर कागद आणि रबर लावलेलं घट्ट गोड दही मिळतं. कागदातून स्ट्रॉ खुपसून तिथेच उभं राहून प्यायचं आणि बरणी परत द्यायची. हिवाळ्यात रस्त्यावर भाजलेली रताळी मिळतात. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी मात्र खाखरे, मेतकूट, तयार पोह्यांची पाकिटं घरूनच न्यावीत. गरम पाणी हॉटेलात, स्टेशनात, रेल्वेत कुठेही मिळतं.

बारीकसारीक

स्वच्छतागृहं सगळीकडे आहेत आणि फुकट आहेत, पण आत कागद असेलच असं नाही आणि पाण्याची सोय आपल्यासारखी नसते. टिश्यूचं पाकीट आणि रिकामी छोटी बाटली कायम पर्समध्ये. आपला दोन गोल पिनांचा चार्जर बऱ्याच ठिकाणी बसतो, तीन पिनांचा बसत नाही. चांगल्या इंग्रजीत गप्पा मारत चहा प्यायला किंवा चित्रांचं प्रदर्शन बघायला बोलावणारी अनोळखी तरुण मंडळी वांगफूजिंगजवळ भेटली तर हसून पुढे चला, त्या चहाचं बिल हजारांत येतं. 'बू याओ' म्हणजे नको. रोज पंधरा-वीस हजार पावलं होतात, म्हणून नवे बूट घालून जाऊ नका.

एक दिवस जास्त असेल तर

समर पॅलेस आणि दुकानं सोडून मी दुसरं काही सुचवेन. बीजिंग वेस्ट स्टेशनातून जलद गाडीने सव्वा-दीड तासात शिजियाझुआंग गाठा. तिथल्या शहीद स्मशानभूमीत सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी आहे, शेजारी पुतळा. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे परतले, कोटणीस तिथेच राहिले, तिथेच लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी गेले. रेल्वेचं तिकीटही पासपोर्टवरच निघतं. फलाटावर जाताना स्वयंचलित दारात थांबू नका, कडेच्या माणूस बसलेल्या दाराकडे जा. सकाळी सातची गाडी घेतलीत तर संध्याकाळी बीजिंगला परत.

सोलापूरकर असाल तर भैय्या चौकातल्या त्यांच्या घराचा, आता स्मारक झालेल्या, फोटो फोनमध्ये असू द्या. तिथल्या लोकांना तो बघायला फार आवडतो. आणि टॅक्सीवाल्याला 'कोटणीस' म्हणालात तर त्याला कळणार नाही. 'के दीह्वा' म्हणा. तिथे त्यांना त्याच नावाने ओळखतात.